आकडे न घातलेले चार चौकोन

रऊफ सर,

तुमच्या शोकसभेत कुणीच हसलं नाही. शाळेने लावलेला तुमचा फोटो सेवापुस्तकातला होता, गळ्यापर्यंत बटण लावलेला. त्यात तुम्ही इतके गंभीर दिसत होता की नव्या मुलांना वाटलं असेल, हे गणिताचे सर असावेत. मुख्याध्यापकांनी माईक हातात घेतला तो वीस मिनिटं सोडला नाही. कर्तव्यदक्ष म्हणाले, मितभाषी म्हणाले आणि शेवटी शिस्तप्रिय म्हणाले. शिस्तप्रिय! प्रार्थना संपल्यावर मागच्या फाटकातून आत शिरणारा, शर्टाच्या खिशात रंगीत खडू विसरून दर धुण्याला घरी भाभींची बोलणी खाणारा माणूस! मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, मॅडम रडताहेत.

मलाही बोलायला सांगितलं होतं. मी उठले, दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. वाघमोडे मॅडमना भरून आलं, असं सगळे म्हणाले. भरून आलंच होतं, पण गप्प बसायचं कारण ते नव्हतं. मला जे सांगायचं होतं ते माईकवर सांगण्यासारखं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाला सांगून उपयोगही नव्हता. म्हणून हे लिहायला बसले आहे.

शेवटची भेटायला आले तेव्हा मी एक कागद आणला होता. त्यावर मी तुमची माफी मागितली होती. चित्रांनी मागितली होती, कारण लकव्याने तुमचे शब्द नेले होते. तुम्ही तो कागद पाहिलात आणि तोंड भिंतीकडे फिरवलंत. नऊ दिवसांनी तुम्ही गेलात. तुम्ही मला माफ केलं की नाही, हे मला कळायचं राहूनच गेलं.

आता पहिल्यापासून सांगते. तुम्ही हसाल की गणिताच्या बाईंना पहिल्यापासून सांगितल्याशिवाय जमतच नाही. हसा.

तुम्ही आमच्या मुकुंदवाडीच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक म्हणून आलात तेव्हा व्हरांड्यात सुविचार लिहायचा एक फळा होता. तो सुविचार कुणी वाचत नसे. एका शनिवारी तुम्ही तो फळा धुऊन काढलात, चार चौकोन आखलेत आणि खडूने एक गोष्ट रंगवलीत. टोपीवाला माणूस आणि त्याची बकरी. बकरी टोपीकडे बघते, टोपी तोंडात धरते, आणि शेवटी माणूस बोडका उभा आणि बकरी ढेकर देतेय. गोष्ट साधीच होती. पण तुम्ही उर्दू शाळेत शिकलेले, तुमचा हात उजवीकडून सुरू झाला. पोरं मराठी शाळेतली, त्यांनी वाचायला डावीकडून सुरुवात केली. आधी बोडका माणूस आणि ढेकर देणारी बकरी, मग बकरीच्या तोंडातून बाहेर येणारी टोपी, आणि शेवटी टोपी घालून खूश झालेला माणूस. पाचवीतली एक पोरगी ओरडली, "आगं बाई, बकरीनं पोटात टोपी विणली की!"

सगळा व्हरांडा हसून लोळायचा बाकी राहिला. तुम्ही माझ्याजवळ येऊन हळूच विचारलंत, "ओ मॅडम, पोरं चुकीच्या जागी कामून हसायलीत?"

मी म्हटलं, "सर, तुम्ही गोष्ट उलटी काढलीत."

तुम्ही फळ्याकडे पाहिलंत, पुन्हा पाहिलंत, आणि पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईतो हसलात. "मॅडम, ये तो अपने जोक से लई अच्छा निकला!"

दुसरा कुणी असता तर पुढच्या शनिवारी मुकाट्याने डावीकडून सुरू झाला असता. तुम्ही त्या चुकीलाच धरून बसलात. त्यानंतर तुम्ही ज्या गोष्टी काढल्यात त्या दोन्ही बाजूंनी चालायच्या. उजवीकडून वाचलं तर शेजाऱ्याच्या परसातली वांगी चोरून पळणारा माणूस, डावीकडून वाचलं तर शेजाऱ्याच्या परसात गुपचूप वांगी ठेवून येणारा माणूस. पोरांमध्ये दोन पक्ष पडायचे. हा चोर आहे, नाही, हा भला माणूस आहे. मधली सुट्टी संपायची, भांडण संपायचं नाही.

मला ते बघवत नसे. माझं म्हणणं एवढंच होतं की चौकोनांना एक, दोन, तीन, चार असे आकडे घाला, म्हणजे पोरांचा गोंधळ होणार नाही. तुमचं म्हणणं, "आकडे घातले की पोरं रांगेत चालतात ओ. जरा भटकू द्या." मी म्हणायची, भटकायला शाळेत कशाला यायला पाहिजे? हे भांडण आपण किती वर्षं भांडलो, सर! पालथ्या घड्यावर पाणी, असं मी तुम्हाला म्हणायची. तेच तुम्ही मला उर्दूत म्हणत असाल.

एकदा तर तुम्ही मला माझ्याच विषयात पकडलंत. तिसरीच्या मुली वजाबाकीत दशक सुटा करण्यापाशी अडल्या होत्या. आठवडाभर मी घसा कोरडा केला, काही उपयोग नाही. तुम्ही शनिवारी फळ्यावर दोन घरं काढलीत. एकक काकूंच्या घरी भाकरी दोनच, आणि पंगतीला वाढायच्या सात. काकू शेजारी दशक मामांकडे जातात. मामांकडे भाकरी सुट्या मिळत नाहीत, दहाची चळतच मिळते. काकू चळत डोक्यावर घेऊन येतात, सात वाढतात, आणि उरलेल्या पाच भाकरींपुढे पाय सोडून बसतात. सोमवारी सगळ्या मुलींची उत्तरं बरोबर आली. वर दोघींनी तर वहीत काकूही काढल्या. मी तुमचे आभार मानायला आले आणि सवयीने म्हणाले, "पण आकडे घालायला हवे होते." तुम्ही विचारलंत, "मॅडम, तुमची वजाबाकी कुठून सुरू होते?" मी म्हटलं, "उजवीकडून." तुम्ही भुवया वर करून नुसते बघत राहिलात. मी चहा प्यायले आणि तासाला निघून गेले.

आता हर्सूलच्या तलावाची सहल. ती सांगायला मला अजून जड जातं.

माझे वडील मेंढरं राखायचे. माझं निम्मं बालपण त्या मेंढरांमागे गेलं. त्या दिवशी तलावावरून निघताना मी बसच्या दाराशी काठी आडवी धरली आणि एकेका पोराच्या पाठीवर हात ठेवत, तोंडाने हुर्र हुर्र करत त्यांना आत घेतलं. वडील मेंढरं मोजायचे ती हीच पद्धत. माझ्या ते ध्यानातही नव्हतं. तुमच्या ध्यानात आलं. शनिवारी मी शाळेत शिरले तर फळ्यावर मी. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, मागे मेंढरंच मेंढरं, आणि त्या मेंढरांना आमच्याच पोरांचे चेहरे. सगळ्यांत मागे मुख्याध्यापक, गळ्यात घंटा. मला बघताच पोरं एका सुरात "ब्याऽऽ" करून ओरडली.

तो आवाज मी याआधी ऐकला होता. पाचवीत तालुक्याच्या शाळेत नाव घातलं तेव्हा मी वर्गात शिरले की मुली नाकाला रुमाल लावायच्या आणि मागच्या बाकावरून असंच ब्याऽऽ यायचं. वर्षभर येत राहिलं. मी हे आमच्या शाळेत कुणाला कधी सांगितलं नव्हतं. तुम्हाला तरी कुठून माहीत असणार? पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच आलं की यांनाही कळलं, हेही हसले. मी ओलं डस्टर घेतलं आणि पोरांसमोर ते चित्र पुसून टाकलं. तेवढ्यावर थांबले नाही. मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार दिली. फळा वर्षभर बंद राहिला.

तुम्ही स्टाफरूममध्ये आलात. "मॅडम, जोक खराब होता व्हय?"

"जोक नव्हताच तो. तुम्हाला नाही कळायचं."

"सांगितलं तर कळंल की."

मी वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला आणि तपासायला लागले. तुम्ही गेलात.

त्या चित्रात माझ्या खांद्यावर एक कोकरू होतं. त्याच्या कानाला लाल रिबीन होती. तलावावर पायात काटा मोडला म्हणून रडत बसलेल्या दुसरीतल्या पोरीला मी खांद्यावर घेऊन बसपर्यंत आणलं होतं, तिची ती रिबीन. पुसताना मला ती दिसली होती. कळली मात्र उशिरा, काही महिन्यांनी एके दिवशी भाजी निवडता निवडता. तुम्ही मला हसला नव्हता. एकही पोर न हरवता सगळ्यांना घरी आणणारी बाई तुम्ही काढली होती, आणि माझ्या वडिलांना तुम्ही ओळखत नसूनही त्यांच्यासारखी काढली होती. हे कळलं त्या दिवशी माझ्या हातातली मेथी तशीच राहिली.

पुढे मुख्याध्यापक बदलले, फळा सुरू झाला. तुम्ही पुन्हा काढायला लागलात, पण शाळेतलं माणूस पुन्हा कधी काढलं नाहीत. कावळे काढलेत, म्हशी काढल्यात, उलटलेल्या रिक्षा काढल्यात. पोरं मागे लागायची, सर, माझं चित्र काढा. तुम्ही म्हणायचा, "नक्को रे बाबा, माणसं लई महाग पडतात." म्हणताना माझ्याकडे बघायचं टाळायचात. त्यानंतर अकरा वर्षं आपण मधल्या सुट्टीत एकत्र चहा प्यायलो, सर. एक वाक्य बोलायचं होतं. एरवी माझी जीभ अशी की शाळेत कुणी वाटेला जात नाही, पण त्या एका वाक्यासाठी मी रोज मूग गिळून बसले.

तुम्ही निवृत्त झालात आणि दुसऱ्याच वर्षी लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द उरला, "हौ". चहा घेणार का? हौ. नको का? तरी हौ. मी दर गुरुवारी शाळा सुटल्यावर उस्मानपुऱ्यात तुमच्या घरी यायला लागले. वाचेच्या व्यायामासाठी येणारी मुलगी तुमच्यापुढे चित्रांची कार्डं ठेवायची, मांजर, कप, घोडा. तुम्ही शब्द म्हणायचं सोडून डाव्या हाताने पेन्सिल घेऊन घोड्याचा गुडघा दुरुस्त केलात. ती बिचारी रडकुंडीला आली. मी म्हटलं, ही कार्डं राहू द्या, मी काढून आणते.

माझी चित्रं! मी माणसांची डोकी कंपासने काढायची आणि हातपाय पट्टीने. सगळी माणसं एकसारखी. बाई ओळखू यावी म्हणून डोक्यामागे अंबाड्याचा छोटा गोळा. पहिल्या गुरुवारी तुम्ही ती चित्रं पाहिलीत आणि नाकातून असे हसलात की भाभी स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्या दिवसापासून मी शाळेच्या बातम्या चित्रांतून आणायला लागले. प्रयोगशाळेत शिरलेलं माकड, तपासणीच्या दिवशी वीज गेली ते, गॅदरिंगला मधेच पडलेला पडदा. इतकी वर्षं चित्रांना नावं ठेवणारी मी घरी बसून चौकोन आखायची आणि एकटीच हसायची. चौकोनांना आकडे अर्थातच घालायची. तुम्ही चित्र बघून झालं की डाव्या हाताने एकेक आकडा खोडायचात आणि माझ्याकडे बघायचात. आपलं भांडण चालूच होतं.

आणि मग तो गुरुवार. मी ठरवलं की जे इतकी वर्षं बोलता आलं नाही ते आता काढायचं. पहिल्या चौकोनात फळा आणि डस्टर घेतलेली मी. दुसऱ्यात आपण दोघं, पाठीला पाठ. तिसऱ्यात मी दोन्ही कान पकडून तुमच्यापुढे. चौथ्यात दोघं बाकावर चहा पिताना. आणि त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, तुमची मर्जी राखायची म्हणून मी आकडे घातले नाहीत.

मी कागद तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही बोट चहावर ठेवलंत. मला वाटलं, चहा आवडला. मग बोट हळूहळू सरकत गेलं आणि फळ्यापाशी थांबलं. तुमचे डोळे भरले. मी वाट बघत होते की आता हौ म्हणाल. तुम्ही तोंड फिरवलंत. मी भाभींनी आणलेला चहा तसाच ठेवून निघाले. पुढच्या गुरुवारी मी आले नाही. पेपर तपासायचे आहेत, असं भाभींना फोनवर सांगितलं. पेपर होते, पण तुमच्याकडे येऊन तपासता आले नसते असं नव्हतं. मला राग आला होता, सर. एवढं सगळं केलं, आणि यांना माफ करायला जमत नाही म्हणजे काय! तो राग पुरता उतरायच्या आत भाभींचा फोन आला.

तुम्हाला दफन करून आठ-दहा दिवस झाले असतील. मी वर्गात वजाबाकी घेत होते. बेचाळीसातून सतरा. सवयीने विचारलं, "कुठून सुरू करायचं?" सगळा वर्ग ओरडला, "उजवीकडून!" माझा खडू तिथेच थांबला. बोट चहावर ठेवलं होतं तुम्ही. आधी चहावर! मी पोरांना उदाहरण सोडवायला सांगितलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. बाहेर शाळेजवळच्या स्टेशनात गाडी येऊन थांबली आणि गेली. आधी दोघं चहा पितात, मग कान धरूनही तोंडं फिरवतात, आणि शेवटी मी डस्टर घेऊन सगळं पुसून टाकते. तुम्ही हे वाचलंत. मी मैत्री संपवायला आले, असं तुम्हाला वाटलं.

तुमचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी भाभींकडे गेले. कागद त्यांनी जपून ठेवला होता, तुमच्या उर्दू पेपरच्या घडीत. मी काही न सांगता तो त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "भाभी, यात काय दिसतं सांगा."

त्यांचं बोट उजवीकडे गेलं. "पैले दोघं चाय पिताय. मग ह्यांनी कान पकडले."

"ह्यांनी?"

"हौ. हे तेच की. अंबाडा कुठं हाय ह्याला?"

दोन्ही कान दिसावेत म्हणून मी स्वतःला समोरून काढलं होतं, आणि समोरून अंबाडा दिसत नाही. पट्टी आणि कंपास घेऊन बसलेल्या बाईला हे सुचलं नव्हतं.

"मग तुमी दोघांनी तोंडं फिरवली, आन् तुमी पुसून टाकलं." भाभींनी माझ्याकडे पाहिलं. "हे काय ओ मॅडम? एवढी माफी मागूनबी?"

मी त्यांना डावीकडून सांगितलं. एकेक चौकोन, बोट ठेवून. फळ्याचं सांगितलं, तालुक्याच्या शाळेचं सांगितलं, वडिलांचं सांगितलं. हे सगळं मी पहिल्यांदा मोठ्याने बोलत होते. भाभी तिसऱ्या चौकोनाकडे बघत राहिल्या आणि त्यांचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला.

"या अल्ला," त्या म्हणाल्या. "म्हणजे ते कान..."

मग त्यांनी सांगितलं. मी गेल्यापासून तुमचा डावा हात सारखा कानाला जायचा. फाटक वाजलं की कान धरायचात आणि दाराकडे बघायचात. मी आले नाही त्या गुरुवारी तर दुपारपासून धरून बसला होता, उजवा हात उचलत नव्हता म्हणून एकच कान. "मला वाटलं, कान ठणकायलाय. मी लसूण घालून तेल कोमट केलं आन् सोडलं कानात. नक्को नक्को अशी मान हलवायचे. मी धरून सोडलं. दोन दिवस सोडलं, मॅडम."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आधी भाभी हसल्या की मी, ते सांगता येणार नाही. पोट धरून हसलो, आणि हसता हसताच दोघी रडायला लागलो. कितीतरी वेळ रडलो.

सर, माफी तुम्ही मागायची नव्हती, तुमची काहीच चूक नव्हती. चित्र चांगलं होतं. फार चांगलं होतं. कुणीही माझं इतकं चांगलं चित्र काढलेलं नाही, आणि ते मी माझ्या हाताने पुसलं. मला माफ करा. कान मी धरले होते, सर, आणि तेल तुमच्या कानात गेलं.